पऱ्हाटीचा कोळसा आणि दवाखान्याचं पाणी

हे दिवस आले की माझं डोकं फिरतं. शेवटची वेचणी होऊन गेलेली असते, झाडाच्या टोकाला उरलासुरला कवडी कापूस वाऱ्यावर हलत असतो, आणि एका सकाळी कोणीतरी उपटलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, पहिला ढीग शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पेटवतो. त्याचं पाहून शेजारचा पेटवतो. दुपारपर्यंत सगळ्या शिवारावर निळसर धूर पसरलेला असतो. कॉलेजातून परत येताना एस.टी.च्या खिडकीतून तो आत घुसतो. बाया पदर नाकाला लावतात, बाप्ये रुमाल काढतात. मी काच आणखी उघडते आणि शेजारी बसलेल्या बाईला सांगते, "पाहा, किती कोळसा वाया चालला." ती माझ्याकडे नीट पाहून घेते आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलते.

बदलू द्या. मला त्या धुराचा वास आवडतो आणि त्या धुराचा संतापही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी येतं याला मी काही करू शकत नाही. सुक्या पऱ्हाटीच्या धुराला एक तुरट, किंचित गोड वास असतो. तो नाकात गेला की मला काही वर्षांपूर्वीचा माघ-फाल्गुन आठवतो. त्या दिवसांत आमच्या घरातल्या सगळ्यांच्या नखांत काळं होतं, चहाच्या कपांना काळ्या बोटांचे ठसे होते, आणि वहिनीच्या हिरव्या लुगड्याचा मूळ रंग कोणता हे सांगावं लागत होतं.

मी कुसुम. पोरांना रसायनशास्त्र शिकवते, लग्न केलं नाही, आणि दादा-वहिनीबरोबर राहते. वाशीमच्या खालच्या अंगाला, जिथं शहराची घरं विरळ होतात, तिथं नाल्याच्या काठाला आमचा मळा आहे. दादा त्याला 'माझा मळा' म्हणतो. दादा विहिरीवरची मोटर चालू करतो आणि बंद करतो. बाकी सगळं वहिनी करते. मेथी, पालक, कोथिंबीर, आंबटचुका, बांधाला वांगी. पहाटे तोडायचं, विहिरीच्या पाण्यात बुचकळायचं, जुड्या बांधायच्या आणि टोपलं घेऊन बाजार गाठायचा. बाजाराच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानासमोर तिची जागा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथं बसते, तिच्या आधी माझी आई बसायची. पालेभाजीवर फवारा मारायचा नाही हा वहिनीचा हट्ट. अळी दिसली की ती चिमटीत धरून काढते आणि अळीला तोंडावर शिव्या देते. मेथीचं पान थोडं खाल्लेलं दिसलं आणि गिऱ्हाइकानं नाक मुरडलं तर म्हणते, "अळीनं खाल्लं म्हंजे तुमी बी खाऊ शकता. जे अळी खात नाई, ते तुमी कायले खाता?"

आणि नाला. लहानपणी त्यात आम्ही खेकडे धरायचो. दिवाळीनंतर त्याला डबकी पडायची, होळीपर्यंत तो पार कोरडा व्हायचा, मग आम्ही त्याच्या वाळूत घर-घर खेळायचो. आता तो आटत नाही. वैशाखातही वाहतो. पहिली एक-दोन वर्षं काठावरच्या सगळ्यांना आनंद झाला होता, नाला बारमाही झाला म्हणून कोणी नारळही फोडला होता. विहिरीचं पाणी टिकू लागलं. ते टिकतं कसं, हे विचारायला कोणाला सवड होती? वरच्या अंगाला शहर वाढलं होतं, वसाहती झाल्या होत्या आणि एक मोठा दवाखाना झाला होता. त्याच्या मागच्या भिंतीतून एक जाड पाइप नाल्यात उतरतो. दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. एकट्या त्याचं पापही नाही.

कारण बाकीचं आपलंच आहे. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आठवा. संध्याकाळी मेडिकलसमोर केवढी गर्दी असते! कंबर धरलेल्या बाया, खांदा धरलेले बाप्ये, सगळ्यांना एकच हवं असतं, अंगदुखीची गोळी. कापूस वेचायच्या दिवसांतही तेच. ताप आला की तीच, आणि सोबत डॉक्टरनं दिलेली जंतूंची गोळी, जी आपण दोन दिवस खातो आणि बरं वाटलं की उरलेली संडासात टाकतो. गिळलेल्या गोळीतलंही सगळं शरीर ठेवून घेत नाही. पाहिजे तेवढं घेतं, बाकीचं सोडून देतं. ते मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून काठाच्या मातीतून झिरपत विहिरीत येतं. आपल्या सगळ्यांची कंबरदुखी शेवटी वहिनीच्या विहिरीत येऊन बसते. माझ्या लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरायची, मान आत घालून भांडायची. अशाच एका अंगदुखीच्या औषधानं ती गेली. ते औषध दिलेलं ढोर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि त्यांचे गुर्दे बंद पडले. हे मी दर वर्षी वर्गात सांगते. पोरं वहीत लिहून घेतात आणि विचारतात, परीक्षेत येईल का?

त्या वर्षी मी आमच्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि जिथं शिकले होते त्या शहरातल्या प्रयोगशाळेत नेल्या. तिथं माझे जुने सर अजून होते. त्यांनी तपासून सांगितलं, अंगदुखीचं औषध आहे, जंतूंवरचं एक औषध आहे. अगदी किंचित आहे. किंचित म्हणजे आज पिऊन उद्या कोणी आजारी पडणार नाही. पण रोज किंचित औषध चाखणारे जंतू त्या औषधाला हसायला शिकतात, आणि मग एखाद्या पोराला खरंच न्यूमोनिया होतो तेव्हा गोळी नुसती पोटात जाऊन बसते. हे सगळं डोक्यात घेऊन मी घरी आले. वहिनी मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "वहिनी, आपल्या विहिरीच्या पाण्यात औषध आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मी गोंधळले.

"हाव ना? मले वाटलंच होतं. कवा टाकलं वो त्यायनं? या साली लवकर टाकलं!"

आता हे आमच्याकडच्याच माणसाला कळेल. पावसाळ्याआधी पंचायतीचा माणूस विहिरीत पांढरी पावडर टाकतो, त्याला आम्ही 'औषध टाकलं' म्हणतो, आणि ज्या विहिरीत औषध टाकलं ती चांगली विहीर. तुरीवर फवारतात तेही औषध. उंदराला घालतात तेही औषध. डोकं दुखलं की घेतात तेही औषध. आणि कोणी हळू आवाजात 'अमक्यानं औषध घेतलं' असं सांगितलं तर पुढं काही विचारायचं नसतं, चपला घालून निघायचं असतं. मरायला, मारायला आणि जगायला आमच्याकडं शब्द एकच आहे. मी तोंड उघडून तिला समजावणार तेवढ्यात मोटर घरघरून बंद पडली, दादा तिकडून ओरडला, वहिनी हातातली जुडी टाकून धावली, आणि मला कॉलेजची बस गाठायची होती. संध्याकाळी ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं बाजारात काय केलं असेल? नेहमीच्या जागेवर बसली, मेथीवर पाण्याचा हबका मारला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "घ्या वो ताई, आमच्या पान्यात औषध हाय! एकदम साफ माल!"

शहरातल्या बायांना भाजीतलं औषध एकच माहीत. फवाऱ्याचं. त्या थबकल्या, एकमेकींकडं पाहिलं आणि पुढं गेल्या. वहिनीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती आणखी मोठ्यानं ओरडली. जितकी ओरडली तितकी तिच्यासमोरची जागा रिकामी होत गेली. तिसऱ्या प्रहरी ती भरलं टोपलं घेऊन परत आली. अंगणात ते आदळलं आणि म्हणाली, "मी कोथिंबिरीवर औषध मारतो म्हन्तेत! मी! माह्या तोंडावर म्हन्तेत!"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पाइप, गोळ्या, मोरी, झिरपा, सगळं. ती पायरीवर बसून ऐकत होती. मधे एकदा उठून तिनं टोपल्यावर ओलं फडकं टाकलं आणि परत येऊन बसली. मी थांबले तेव्हा म्हणाली, "म्हंजे त्या बाया खोटं नाई बोलल्या. औषध हाय."

"ते औषध वेगळं, वहिनी."

"पोटात गेल्यावर कोन विचारते, कोनतं होय म्हनून?"

मी टोपल्यावरचं फडकं पुन्हा ओलं करून आणलं.

त्या आठवड्यात तिच्या जागेवर दुसरीच एक बाई टोपलं घेऊन बसू लागली. बाजारातली जागा कागदावर कोणाच्याच नावानं नसते, ती बसणाऱ्याची असते. आठ दिवस बसलं नाही की गेली. नातेवाईक आले, चहा प्यायले आणि शहाणपण देऊन गेले. नाल्याकाठची भाजी आता कोण घेणार? सोयाबीन पेरा. नाही तर प्लॉट पाडा, शहर वाढून राह्यलं. दादाही एका संध्याकाळी बिचकत म्हणाला, "कुसमे, प्लॉट पाडले तर... सगळ्यायचंच बरं होईन." वहिनी चुलीजवळ होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि दादाकडं न पाहता म्हणाली, "पाडा. पयला प्लॉट माह्यासाठी ठेवा, अर्ध्या वाफ्याएवढा. तथी मेथी लावतो मी." दादा उठून बाहेर गेला.

मळा राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. तो पिकत नव्हता असं नाही, उलट असा हिरवागार होता की पाहवत नव्हता. मेथी कापायला आली होती आणि कोणी घेत नव्हतं. वहिनी ती कापून म्हशीपुढं टाकत होती. म्हैस खूश होती.

मी दोन कचेऱ्या फिरले. एका ठिकाणी सांगितलं, असं काही पाण्यात असतं हे आमच्या तपासणीत नाही, म्हणून ते नाही. दुसऱ्या ठिकाणी एक भला माणूस होता, तो म्हणाला, बाई, याला मोठं यंत्र लागतं, ते शहरांनाही परवडत नाही, तुम्ही मळेवाले काय करणार? सरांना फोन केला. ते म्हणाले, कार्बन लागतो, कोळशासारखाच पण खास बनवलेला, बाजारात तयार मिळतो, त्याच्या बारीक बारीक भोकांत औषधाचे कण अडकतात. आणि किंमत सांगितली. मी फोन ठेवून गच्चीवर गेले. सगळ्या शिवारात पऱ्हाट्या पेटल्या होत्या. एवढा कार्बन माझ्या डोळ्यांसमोर वर आभाळात चालला होता, आणि मी तो दुकानातून पिशवीत घेऊन यायचा? माझं टाळकं सरकलं. खाली येऊन मी वहिनीला म्हणाले, "आपण बनवू."

"काय?"

"कोळसा."

"कोळसा तं कोनीबी बनवते."

मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघीही चुकलो होतो.

वाशीमच्या बाजूला तूर फार, म्हणून आधी तुराट्या घेतल्या. एका जुन्या लोखंडी ड्रमात उभ्या रचल्या, वरून पेटवल्या. मी म्हटलं, धूर पातळ झाला की झाकण लावायचं आणि मातीनं लिंपून हवा बंद करायची. आत जळतं पण पुरतं जळत नाही, तोच कोळसा. दादाला हे काही केल्या पटेना. आयुष्यभर त्यानं काडीकचरा पेटवला तो पुरता जाळण्यासाठी. ढीग अर्धा विझला की काठीनं ढोसायचा, वारा द्यायचा, राख होईपर्यंत हलायचं नाही, हेच त्याला चांगलं काम वाटतं. झाकण लावलं की याचा जीव खालीवर. आमची पाठ वळली की हळूच झाकण किलकिलं करून काठी घालायचा. संध्याकाळी ड्रम उघडला तर आत पांढरी, मऊ, सुरेख राख.

"भांडे घासाले चांगली हाय," वहिनी म्हणाली.

दुसऱ्यांदाही राख. तिसऱ्यांदा वहिनी झाकणावरच बसायला निघाली होती, ते तापलं होतं म्हणून वाचली. मग तिनं दादाला समोर बसवलं आणि विचारलं, "तुमाले भाकर करपलेली चालते का? मंग याले काहून करपवता?" दादा म्हणाला, "अर्धवट सोडू नये म्हन्तो मी कोनतंई काम." त्याच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं.

तुराटी पोकळ, भरकन जळते. वहिनी म्हणाली, पऱ्हाटी पाहू, ती खोडाची टणक असते. तिचं माहेर कारंज्याकडं, धनजला, तिथं तिच्या भावाचा कापूस. त्यानं ट्रॉलीभर पऱ्हाट्या आणून अंगणात ओतल्या आणि दादाला म्हणाला, "काहून दाजी, गॅस संपला का?" आणि हसत हसत गेला. सगळी आळी आमच्या अंगणाकडं पाहून हसत जात होती. कॉलेजातली बाई आणि माळीण मिळून पऱ्हाट्या भाजतात, यापेक्षा चांगली करमणूक त्या फाल्गुनात दुसरी नव्हती.

हसू द्या म्हटलं. त्या दिवशी दादाला आम्ही मुद्दाम बाजारात पाठवला. पऱ्हाटी पेटली, धूर आधी पांढरा, मग पिवळा, मग इतका पातळ की पलीकडचं लिंबाचं झाड त्यातून थरथरताना दिसू लागलं. झाकण लावलं, चिखल लिंपला. रात्रभर कोणी हात लावला नाही. सकाळी वहिनीनं झाकण काढलं आणि एक काडी उचलून दगडावर टाकली. ती वाजली. बांगडी पडावी तसा किणकिण आवाज आला. कच्चा कोळसा थडकन पडतो, राख तर पडतच नाही, पक्का कोळसा वाजतो. वहिनीनं दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग आम्ही दोघी शहाण्यासुरत्या बाया दगडासमोर बसून काड्या टाकत राहिलो आणि हसत राहिलो.

कपडे धुवायच्या मोगरीनं कोळसा कुटला, गव्हाच्या चाळणीनं चाळला. ती चाळणी नंतर गव्हाला लागली नाही. धुळवड आली तेव्हा सगळं गाव लाल-हिरवं होऊन फिरत होतं आणि आम्ही अंगणात डोळ्यांपर्यंत काळ्या. रंग लावायला आलेल्या बाया दारातूनच परत गेल्या, म्हणाल्या, तुमाले काय लावावं आता?

विहिरीजवळ सिमेंटची एक जुनी कडी, म्हणजे विहिरीत बसवतात तसलं मोठं गोल कडं, उभी केली. तळाशी पाणी बाहेर यायला नळी आणि गिट्टी, तिच्यावर रेती, तिच्यावर कोळशाचा जाड थर, पुन्हा रेती. वरून विहिरीचं पाणी सोडलं. आधी शाईसारखं काळं आलं. मग राखाडी. मग वहिनीनं ओंजळ धरली तेव्हा तिच्या हातावरच्या रेघा दिसल्या. पण धार अगदी बारीक. ती कमरेवर हात ठेवून नळीकडं पाहत राहिली. "हे पानी येऊन राह्यलं का रडून राह्यलं?"

"हळूच यायला पाहिजे, वहिनी. कोळशाला औषध धरायला वेळ लागतो."

"मंग रडू द्या," ती म्हणाली आणि घागर खाली लावून वाफ्यात गेली.

पाणी तपासायला पाठवलं. सरांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, बाहेर येऊन घेतला. अंगदुखीचं औषध जवळजवळ गेलं होतं. जंतूंवरचं बरंच उतरलं होतं, सगळं नाही. सर म्हणाले, दुकानातल्यासारखा नाही तुझा कोळसा. मी म्हटलं, दुकानातला आमच्या धुऱ्यावर उगवत नाही. ते हसले आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "ते औषध गेलं कुठं, कुसुम? नाहीसं नाही झालं. तुझ्या कोळशात आहे. तो कोळसा भरला की टाकणार कुठं?" मी म्हटलं, पाहू. वर्गात परत गेले, पण त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

वहिनी त्या प्रश्नासाठी थांबणारी नव्हती. तिला आपली जागा पाहिजे होती. गाळलेल्या पाण्याच्या दोन कॅन, एक परात आणि टोपलं घेऊन ती बाजारात गेली. तिच्या जागेवर ती दुसरी बाई बसलेली. वहिनीनं परात खाली ठेवली आणि म्हणाली, "सरक वो बाई. तू बसली, मी काई बोलली नाई, कारन मी नव्हती. आता मी हाय." ती सरकली. आणि वहिनी गिऱ्हाइकासमोर जुडी सोडून, धुऊन, पुन्हा बांधून देऊ लागली. कोणी टोचून विचारलं, काय बाई, अजून औषध आहे का पाण्यात? तर ती म्हणायची, "होतं. गाळलं. तुमच्या नळाले गाळता का तुमी?" सगळ्या बाया परत आल्या नाहीत. काही अजूनही पलीकडच्या फुटपाथवरून जातात. पण मेथी म्हशीला घालायचं थांबलं, आणि प्लॉटचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

पुढच्या हंगामात नाला आणि विहीर यांच्या मधे आम्ही चर खोदला आणि त्यात कोळसा भरला, म्हणजे झिरपा विहिरीत येण्याआधीच त्यातून गाळून यावा आणि वाफ्यालाही जरा बरं पाणी मिळावं. आता धनजहून एकीच्या जागी तीन ट्रॉल्या येतात. वहिनीचा भाऊ आता गॅसचं विचारत नाही, झाकण कधी लावायचं ते विचारतो. आळीतल्या दोघा-तिघांनी आपापल्या विहिरीवर कड्या बसवल्या. बाकीचे जाळतात. मी रोज एस.टी.तून पाहते आणि रोज चिडते. चिडायचं मी सोडणार नाही. वय वाढलं की माणसं शांत होतात म्हणे. मला तसा काही अनुभव नाही.

मला म्हणतात, बाई, एवढ्याशा कडीनं काय होणार? वरून पाइप चालूच आहे. चालू आहे, मला दिसतो. पाइप बंद करणं ज्यांचं काम आहे त्यांनी ते करावं, त्यांच्या मागं मी आहेच, अर्जांवर अर्ज करत. पण तोवर आम्ही काय करायचं? तोंड वासून नाल्याकडं पाहत बसायचं? वाळलेल्या झाडाचं खोड, ज्याला आम्ही कचरा म्हणून काडी लावत होतो, ते एवढी औषधं धरून ठेवतं. आणि ज्यांच्याकडं यंत्रं आहेत, गाड्या आहेत, शिकलेली माणसं आहेत, ते काही धरत नाहीत, सगळं खाली सोडून देतात. राग कोणाचा यावा मग?

राहिला सरांचा प्रश्न. कडीतला पहिला कोळसा बदलला तेव्हा काळ्या ओल्या कोळशाचं एक पोतं भरून गोठ्याच्या भिंतीला उभं राहिलं. कोळसा जमिनीला चांगला, हे दादानं कुठंतरी ऐकलं होतं. तो फावडं घेऊन निघाला, वाफ्यात पसरवतो म्हणाला. वहिनीनं फावडं धरलं. "गाळून काढलं ते परत मातीत घालता? मंग गाळलं कायले?" चुलीत घालायचं तर तेवढी आग चुलीत नसते. खड्ड्यात पुरायचं तर खड्ड्याखाली पुन्हा विहीरच. नाल्यात फेकायचं तर खालच्या मळ्यातल्या बायांनी काय पाप केलं? आम्ही तिघं पोत्याभोवती उभे होतो. मी सांगितलं, हे मोठ्या भट्टीत जाळावं लागतं, जिथं दवाखान्याचा कचरा पिवळ्या थैल्यांत भरून नेतात आणि जाळतात तिथं. वहिनीनं पदरानं हात पुसले.

"त्या दवाखान्याची गाडी येते ना पिवळ्या थैल्या न्याले?"

"येते."

"कवा?"

"सकाळी."

तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. दुसऱ्या सकाळी भाजीचा ऑटो आला तेव्हा तिनं टोपल्याच्या आधी पोतं चढवलं आणि मला म्हणाली, "चला. तुमाले इंग्रजी येते, लागलं तं लागलं."

दवाखान्याच्या फाटकातून काचेचा दरवाजा दिसत होता, आत लोकांची गर्दी होती, सलाइनची बाटली हातात धरून कोणी चालत होतं. वहिनीनं ऑटोवाल्याच्या मदतीनं पोतं उतरवलं आणि फाटकाच्या बरोबर मधोमध ठेवलं. त्यातून काळं पाणी फरशीवर ओघळू लागलं. पहारेकरी धावत आला. मग आतून एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. आधी त्यानं मला पाहिलं, मग पोत्याला, मग वहिनीला.

"मावशी, हे इथं नाही चालत."

"मंग तुमचं पानी आमच्या इथं कसं चालते?"

त्याला कळलं नाही. तो माझ्याकडं वळला. मी इंग्रजीत बोलायला तोंड उघडलं, पण वहिनीनं हातानं मला थांबवलं. बाजूला रुग्णांचे नातेवाईक उभे राहून पाहू लागले होते. त्या माणसानं आवाज खाली आणला.

"पण मावशी, यात आहे तरी काय?"

वहिनी पोत्याला टेकून खाली फरशीवर बसली, मांडी घातली आणि पदर सावरला.

"तुमचीच दवाई होय बापा. नाल्यात सांडली होती. आमी गाळून आनली."